गाळलेलं ‘कदाचित’

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

‘माझ्या लेकींनो, सुनांनो, आणि सासू होताच आपलं सूनपण विसरलेल्या बायांनो. लग्नाला दोन वर्षं झाली की गाव तुमच्या तोंडाकडे बघायचं सोडतं आणि पोटाकडे बघायला लागतं. तपासण्या तुमच्या, सुया तुम्हाला, उपासतापास तुमचे, आणि ओटी भरायची वेळ आली की वगळायचंही तुम्हालाच. याचा जाब आज आपण विचारणार आहोत.’

भांडगावच्या भाषणाची सुरुवात अशीच करायची. तीन तारखेला सावित्रीबाईंची जयंती आहे, विहारासमोर मांडव घालणार आहेत. माझी सून दीक्षा तिथली, म्हणून मंडळींनी हक्कानं बोलावलं.

विषय दवाखान्यात सापडला. नवनाथ आणि दीक्षाच्या लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा हलत नाही, म्हणून मीच दीक्षाला डॉक्टर अनितांकडे नेते आहे. त्या म्हणाल्या, मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या जन्मभराच्या स्त्रीबीजांचा साठा तयार होतो. त्या महिन्यांत आईची उपासमार झाली, अतिकष्ट झाले, अंगात काही विषारी गेलं, तर कदाचित त्या लेकीला पुढं मूल होण्यावरही परिणाम होतो. दीक्षाचा साठा वयाच्या मानानं थोडा कमी आहे. ‘त्यानं अडायला नको,’ असंही म्हणाल्या, आणि नवनाथची तपासणी करून घ्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी दुसरं काही वाचलेलं नाही. परदेशात एका युद्धातल्या उपासमारीत पोटात असलेल्या मुलांचा लोकांनी म्हातारपणापर्यंत माग काढलाय. सकाळी मिश्री लावायची आणि वाचत बसायचं, माझी ही वेळ घरात कुणी मोडत नाही. वाचताना सारखं वाटत होतं की अन्याय जन्माच्याही आधी सुरू होतो, आणि हे आपल्या बायांना कुणी सांगितलेलंच नाही.

उदाहरणही हाताशी आहे. गेल्या उन्हाळ्यात शेवया वाळवताना दीक्षानं सांगितलं होतं: ती पोटात होती तेव्हा तिची आई रंभाबाई नवव्या महिन्यापर्यंत उसाच्या बांधणीला जात होती. वर सासूनं ताट मोजून दिलेलं. जास्त खाल्लं तर पोर मोठं होतं आणि बाळंतपणात अडतं, म्हणून अर्धी भाकरी. दीक्षा सांगताना हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं.

नवनाथची तपासणी राहिली आहे. सणसवाडीच्या कंपनीत त्याच्या पाळ्या बदलतात, सुट्टी मिळत नाही. तसा तो धडधाकट आहे. पाचव्या वर्षी एक लहानसं ऑपरेशन झालं होतं, पण ते काही आज डॉक्टरांना सांगत बसण्यासारखं नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

आजच्यासारखं भाषण मी कित्येक वर्षांत केलं नाही.

मांडव भरला होता. मागे पुरुष उभे होते, त्यांनाही मी बसायला लावलं. अर्धी भाकरी सांगितली. उसाच्या सरीत वाकलेली गरोदर बाई सांगितली. सासूनं मोजलेलं ताट सांगितलं. नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, ‘ही बाई दूरची नाही, याच मातीतली आहे, आणि तिच्या लेकीची कूस आज रिकामी आहे.’ मग टाळ्या.

डॉक्टरांचं ‘कदाचित’ मी घेतलं नाही. कदाचित म्हणून माणूस जागचा उठत नाही. तीस वर्षं शाळेत शिकवून आणि त्याहून जास्त वर्षं मांडवांतून बोलून मला एवढं कळतं.

रंभाबाई तिसऱ्या रांगेत होत्या. भाषणभर खाली बघत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. निघताना ओल्या हरभऱ्याची जुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘लई बोलता तुमी, विहीणबाई.’ साध्या बाईनं केलेलं कौतुक फार खरं असतं.

६ जानेवारी, सोमवार

संपत म्हणून भांडगावचा एक तरुण आहे, त्यानं भाषणातला तेवढाच भाग कापून मोबाईलवर टाकला. अर्धी भाकरी ते रिकामी कूस. दौंड, शिरूर, पार बारामतीपर्यंत गेलाय म्हणतात. आज बाजारात दोघींनी माझे हात धरले.

दीक्षानं दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. आज भाकरी थापताना म्हणाली, ‘आई, ते मी तुम्हाला सांगितलं होतं.’

मी म्हटलं, ‘म्हणून तर एवढ्या लोकांपर्यंत पोचलं.’

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ फिरवली. पाळी जवळ आली असेल, दर महिन्याला त्या दिवसांत ती अशीच होते.

१९ जानेवारी, रविवार

दीक्षाच्या धाकट्या बहिणीचं, प्रांजलचं, कवठे येमाईत जमत आलं होतं. मुलगा चांगला, सोसायटीत नोकरीला. बुद्धपौर्णिमेनंतरची तारीखही बोलून झाली होती. काल मुलाच्या चुलत्याचा, कोंडिबांचा, निरोप आला: आमचा विचार बदलला.

कारण विचारलं तेव्हा त्यांनी भांडगावच्या मध्यस्थाला सांगितलं म्हणे, घराण्यातच पोट कमी आहे, थोरलीचं बघतोय ना आपण.

माझं डोकं तडकलं. ह्यांच्या घरी पोरगी म्हणजे गाय आहे का? कोंडिबांना फोन लावला आणि सुनवायला लागले. ते शांतपणे ऐकत राहिले. माझा दम संपल्यावर म्हणाले, ‘ताई, मला शिव्या कशापायी? तुमीच बोललात की. आईनं पोटात असताना खाल्लं न्हाई तर लेकीला पोरं व्हत न्हाईत. आमच्या घरात समद्यांनी बघितलंय. आमी तर टाळ्या वाजवल्या.’

मी म्हटलं, माझा तसा अर्थ नव्हता.

‘मग काय अर्थ व्हता?’ त्यांनी खरंच विचारलं, टोमणा नव्हता त्यात. रेंज गेली असं सांगून मी फोन ठेवला. रेंज होती.

साहेबराव ओसरीवर चहा पीत बसले होते. मी नवऱ्याला नावानं हाक मारते ही एके काळी शिरूरमध्ये बातमी होती. एसटीत सगळी नोकरी स्टिअरिंगवर गेली, म्हणून बोलतात कमी आणि बोलले की वळणावरच बोलतात. म्हणाले, ‘माणसं तुझं ऐकत न्हाईत अशी तुझी तक्रार असायची. आता ऐकलं.’

२ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे टाळलं. आज भांडगावला गेले. दीक्षाला म्हटलं चल, तर म्हणाली, तुमचं तुम्ही जाऊन या.

रंभाबाईंनी चटई टाकली, पाणी दिलं, गूळ दिला. प्रांजल आत शिवणयंत्रावर होती, मला बघून उठली नाही, यंत्रही थांबवलं नाही. मी म्हणाले की लोकांनी भलताच अर्थ काढला, मी सासूच्या जाचाविरुद्ध बोलत होते, व्यवस्थेविरुद्ध बोलत होते. रंभाबाई मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्या तवा काय खाल्लं, हे तवा कुणीच इचारलं न्हाई. आता समदं गाव इचारतंय.’

बाया रोजंदारीला जाताना त्यांच्या पुढं-मागं चालतात म्हणे, बरोबर चालत नाहीत. एक जण तर टेम्पोत चढताना बोलली, तवा अजून एक भाकरी मागायची व्हती की गं. रंभाबाईंनी हे हसत सांगितलं. हसताना ओठ दाताखाली दाबला होता.

‘मागितली व्हती,’ त्या म्हणाल्या. ‘सासू म्हनली, पोर अडलं तर तुझाच जीव जाईल. म्हातारी वाईट न्हवती वो. तिची थोरली लेक अडून मेली व्हती बाळंतपणात. तिला वाटायचं, मला वाचवतीया.’

हे दीक्षानं मला सांगितलं नव्हतं. कदाचित तिला माहीत नसेल. मी भाषणात त्या म्हातारीला राक्षसीण करून सोडलं होतं.

निघताना दारापर्यंत आल्या. तिथं हळू आवाजात, आतल्या यंत्राच्या आवाजात बुडेल इतक्या हळू, त्यांनी विचारलं, ‘विहीणबाई, तुमी शिकल्याल्या. खरं सांगा. माझ्यामुळंच झालं का माज्या लेकीचं?’

मी म्हणाले, ‘नाही हो, तसं कसं.’ आवाज इतका पोकळ निघाला की मलाच ऐकवेना. मांडवात तो ठपका मी जीव तोडून फेकला होता. तो परत घ्यायला गेले तर घशातून वारा आला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दीक्षानं आज दवाखान्यात यायला नकार दिला. सुया टोचून घेऊन तिच्या पोटावर निळे डाग पडलेत, ते मी आज पहिल्यांदा पाहिले, कारण तिनं दाखवले. म्हणाली, ‘त्यांची तपासणी होईपर्यंत मी एकही सुई घेणार नाही.’

नवनाथ म्हणाला, कंपनीत ऑडिट आहे. गेल्या महिन्यात मशिन आलं होतं, त्याच्या आधी दिवाळी होती. मीही तोंड उघडणार होते, त्याच्या बाजूनं. साहेबराव मध्येच बोलले, ‘गाडी बंद पडली की पॅशिंजरला उतरवून धक्का मारायला लावायचा, आन् ड्रायव्हरनं खाली वाकून बघायचंच न्हाई. असं किती किलोमीटर चालायचं रे?’

दीक्षाला हसू आलं. मग ती रडली. नवनाथनं उद्याची रजा टाकली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. नवनाथचे शुक्राणू फार कमी आहेत. दोनदा तपासलं. अडलंय ते तिथं. दीक्षाचं थोडं कमी असणं हे आडवं येण्याइतकं नव्हतंच, आणि हे डॉक्टरांनी मला डिसेंबरातच सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि ठेवून दिलं.

डॉक्टर अनितांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून विचारायला सुरुवात केली. लहानपणी काही ऑपरेशन? मी पिशवीत चष्मा शोधायला लागले. साहेबरावांनी सांगितलं: जन्मतः एका बाजूची अंडगोळी खाली उतरलेली नव्हती, पाचव्या वर्षी पुण्याला ऑपरेशन केलं. जन्माचं वजन? दोन किलोच्या आत. डॉक्टर म्हणाल्या, मुलगा असला तरी हे सगळं पोटातच घडत असतं, मुलींसारखंच. आईचं खाणं, फवारणीची औषधं, तंबाखू, असं पुष्कळ काही त्यात येतं.

मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात: ‘ताई, नवनाथच्या वेळी तुम्ही तंबाखू, मिश्री वगैरे काही?’

मी म्हणाले, ‘नाही.’

डॉक्टर सोडून खोलीत आम्ही चौघं होतो आणि चौघांनाही खरं माहीत होतं. तंबाखू भाजून, कुटून केलेली ती काळी पूड मी सोळाव्या वर्षापासून रोज दातांना लावते. आईनं दिली, दात दुखायचा म्हणून. गरोदरपणी जास्तच लावायचे, मळमळ थांबायची. आमच्याकडे बाया तेच सांगायच्या, आणि मीही मागाहून कितीतरी जणींना तेच सांगितलं. दारूबंदीसाठी तालुका हलवला मी. दारूच्या दुकानासमोर बसायला सकाळी निघायचे ती मिश्री लावूनच. ते व्यसन आहे हे मला कधी वाटलंच नाही. पुरुष करतात ते व्यसन, बाया करतात ती सवय.

डॉक्टरांनी माझ्या दातांकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाल्या, ‘असतं तरी मी म्हणाले नसते की त्याच्यामुळेच झालं. एका माणसाबद्दल तसं कुणीच सांगू शकत नाही. कदाचित, एवढंच म्हणता येतं.’

त्या शब्दानं मला इतका आधार वाटला की मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. आणि तो धरलेला असतानाच कळलं की हाच आधार दीड महिन्यापूर्वी माझ्या हातात होता. तो रंभाबाईंचा होता आणि मी त्यांना तो पोचवला नाही.

१९ फेब्रुवारी

मिश्री लावली नाही. दुपारी डोकं ठणकायला लागलं.

२० फेब्रुवारी

लावली. लिहायचं तर खरं लिहायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मी ठरवलंय की आणखी एक व्हिडिओ करायचा. तसाच, तेवढाच छोटा. दोष माझ्या मुलात निघाला, रंभाबाईंच्या लेकीत नाही, असं सरळ सांगायचं. दुपारी नवनाथला म्हटलं.

तो जेवत होता. हात तसाच ताटात ठेवून म्हणाला, ‘लायनीवर साठ पोरं हायेत माझ्या हाताखाली. उद्या येऊन हाक मारतील, सर, आपका रिपोर्ट आया क्या. तू बोलून मोकळी व्हशील आई. तिथं रोज मला जायचंय.’

मी म्हणाले, एका निरपराध बाईची बदनामी थांबवायची आहे. सत्य लपवून कुणाचं भलं झालंय? माझा आवाज चढला. घरात चढला की भिंतीवरच्या तसबिरी ऐकतात अशी चेष्टा साहेबराव करतात. ती करायला आज ते नव्हते, बाहेर गेले होते.

दीक्षा ताटं उचलायला आली आणि तिथंच उभी राहिली. ‘आई, आधी तुम्ही माझ्या आईचं सांगितलंत. आता त्यांचं सांगणार. तुमचं स्वतःचं कधी सांगणार?’

चार वर्षांत ही मुलगी माझ्याशी एवढं सलग बोलली नव्हती. मी खोलीत आले आणि रागानं लिहायला बसले. राग लिहून होईना.

१ मार्च, शनिवार

नवनाथ काल कंपनीतून थेट कवठे येमाईला गेला होता. कुणालाच सांगितलं नव्हतं. कोंडिबांच्या अंगणात बसून त्यानं स्वतः सांगितलं की तपासणीत कमी मी निघालोय, माझी बायको नाही, आणि माझ्या मेहुणीचा तर याच्याशी काहीएक संबंध नाही. रिपोर्ट माझा आहे तर सांगायचा मीच, असं म्हणाला मला. घरी येऊन अंघोळ केली आणि जेवला. दीक्षानं त्याला वाढताना तूप दोनदा घातलं.

कोंडिबा हात जोडून म्हणाले म्हणे, आम्ही विचार करतो. प्रांजलनं तो विचार त्यांच्याकडेच राहू दे असा निरोप पाठवलाय. तिनं दीक्षाला फोनवर सांगितलं, ‘ज्यांना माझ्या आईचं जेवण मोजायचंय त्यांच्या घरात मी जेवायला जाणार न्हाई.’

मी या सगळ्यात काय केलं? माझ्या मुलाला जे अंगणात बसून चार माणसांत जमलं, ते मला हजार माणसांत बोलायची सवय असून जमत नाही. लोकांची दुःखं उचलून मांडायची, त्यांना आवाज द्यायचा, यालाच मी आयुष्यभर काम म्हटलं. ज्याचं दुःख आहे त्याला विचारलं का, हे मला कधी आठवलंच नाही. मला वाटायचं मी विचारतेच आहे, एवढ्या मोठ्यानं.

५ मार्च, बुधवार

पुन्हा भांडगाव. या वेळी विचारायला गेले. रंभाबाई कांद्याच्या वाफ्यात होत्या, मीही बांधावर बसले. नवनाथचा रिपोर्ट दीक्षानं त्याला विचारून त्यांना कळवला होता. मी मिश्रीचं सांगितलं, डॉक्टरांना ‘नाही’ म्हणाले तेही सांगितलं. त्या खुरपत राहिल्या. वाफा संपल्यावर म्हणाल्या, ‘म्हंजी तुमाला बी झोप न्हाई.’

मी म्हणाले, नाही.

‘आता तुमी बी स्वतःला खायला लागू नका. तुमाला तवा कुणी सांगितलं व्हतं? मलाबी न्हाई.’

मी त्यांच्याकडे माफी मागायला गेले होते. माफी दिली की नाही ते कळलं नाही. त्यांनी त्यांच्या वाट्याची चिंता निम्मी करून मला दिली, एवढं कळलं, आणि ते माफीपेक्षा जड आहे. व्हिडिओचं विचारलं. म्हणाल्या, ‘माजं नाव नगं, माज्या लेकीचं नगं, जावईबापूचं नगं. तुमचं काय ते बोला. आन् हळू बोला जरा.’

९ मार्च, रविवार

काल महिलादिनाच्या दोन सभा होत्या, दोन्हीकडे येत नाही म्हणून कळवलं. आज दुपारी संपतला घरी बोलावलं. तो मोठा माईक घेऊन आला होता, तो परत ठेवायला लावला. ओसरीवर खुर्ची टाकून बसले. पहिल्यांदा बोलताना आवाज आपोआप मांडवातला लागला, थांबवून पुन्हा सुरू केलं. दीक्षा दारात उभी होती. मी जे बोलले ते इथं तसंच उतरून ठेवते, कारण यातला एकही शब्द नंतर मला गाळायचा नाही.

‘मी विशाखा, शिरूरची. तीन जानेवारीला भांडगावात मी एका आईबद्दल बोलले. ती गोष्ट माझी नव्हती. मला ती विश्वासानं सांगितली होती, मी न विचारता वापरली. डॉक्टरांनी कदाचित म्हटलं होतं, मी ते गाळून नक्की करून सांगितलं. पोटातल्या बाळाला आईच्या खाण्यापिण्याचं, कष्टाचं, व्यसनाचं लागतं, हे खरं आहे. पण कुणा एका बाईकडे बोट दाखवून तुझ्यामुळं झालं, असं कुठलाच डॉक्टर म्हणत नाही. ते मी म्हणाले. मी स्वतः गरोदरपणी रोज मिश्री लावत होते, आजही माझी सुटलेली नाही. कुणी मला तेव्हा सांगितलं नाही, त्या आईलाही कुणी सांगितलं नव्हतं. या दोन महिन्यांत ज्यांनी तिची भाकरी मोजली, त्यांनी ती माझ्या शब्दांवर मोजली. तिचं नाव मी आज घेणार नाही. तुम्हाला ते माहीत आहे, आणि तीच माझी चूक आहे.

‘टाळ्या नकोत. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या. एकच करा. माझा तो पहिला व्हिडिओ तुम्ही ज्या ज्या माणसाला पाठवला, ज्या ज्या ग्रुपवर टाकला, तिथं आत्ता, हे ऐकून झाल्या झाल्या, हा पाठवा.’